कोर्टात भांडायचं नाहीये पण मूर्खही बनायचं नाहीये

पत्र:

ताई, लग्नाला चौदा वर्षं झाली. मी ४१, तो ४४, मुलगी ११ ची आणि मुलगा ७ चा. मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेर कोणी नाही (माझ्या माहितीप्रमाणे तरी), पण गेली चार वर्षं आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहतोय, आणि आता वेगळं व्हायचं हे दोघांनाही मान्य आहे. मागच्या महिन्यात त्याने मला कोलॅबरेटिव्ह डिव्होर्सबद्दल एक लिंक पाठवली. कोर्टात न भांडता टेबलावर बसून सगळं ठरवायचं, दोघांचे आपापले वकील असतात वगैरे. वाचायला छान वाटलं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण पैशाचे सगळे व्यवहार तोच बघतो, कुठे किती आहे मला नीट माहीतही नाही, आणि मी सात वर्षं पार्ट टाइमच करतेय. मैत्रीण म्हणते वेडी आहेस का, तगडा वकील बघ आणि आधी नोटीस पाठव, जो आधी जातो तो जिंकतो. भाऊ म्हणतो दोघांत एकच वकील करा, पैसे वाचतील. हे खरंच काही असतं की मला गोड बोलून गप्प बसवायची युक्ती आहे? आणि त्याला उत्तर काय देऊ? लिंक येऊन तीन आठवडे झाले, मी नुसतं बघून ठेवलंय.

उत्तर:

अगं, तुला तीन सल्लागार आहेत, मैत्रीण, भाऊ आणि ती पाल. पहिल्या दोघांचं ऐकू नकोस. पालीचं ऐक, पण अर्धंच.

आधी तुझा पहिला प्रश्न. हो, हे खरंच असतं, तुझ्या नवऱ्याने शोधून काढलेलं नाहीये. अमेरिकेत मिनियापोलिसला स्टुअर्ट वेब नावाचे घटस्फोटाच्या केसेस लढणारे वकील होते, ते त्या कोर्टबाजीला इतके विटले की १९९० मध्ये त्यांनी सरळ ठरवलं, यापुढे मी फक्त तडजोडीपुरतं काम करणार, आणि तडजोड फिसकटून प्रकरण कोर्टात भांडायला गेलं तर मी बाजूला होणार, अशिलाने दुसरा वकील करावा. बाकीच्या वकिलांनी यांना वेड्यात काढलं असेल असं मला आपलं वाटतं, पण कल्पना पसरली. टेक्सासने २००१ मध्ये त्यासाठी कायदा केला, २००९ मध्ये अमेरिकेत एक नमुना कायदा तयार झाला आणि वीसहून जास्त राज्यांनी तो घेतला. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथेही अशी कामं करणारे वकील आहेत. तू कुठल्या देशात राहतेस ते लिहिलं नाहीस, त्यामुळे तुझ्याकडचा नियम काय ते तुझ्या वकिलालाच विचारावं लागेल. काही ठिकाणी यासाठी वेगळा कायदा आहे, बऱ्याच ठिकाणी नाहीये आणि नुसत्या करारावर चालतं.

आता यातली खरी गोम बघ, कारण लिंकवर ती बहुतेक खाली कुठेतरी बारीक अक्षरात असते आणि वर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो असतात. तुम्ही दोघं आणि तुमचे दोन वकील, चौघं मिळून सुरुवातीलाच एका करारावर सह्या करता. त्यात लिहिलेलं असतं की बोलणी चालू असेपर्यंत कोणी कोर्टात भांडायला जाणार नाही, आणि कोणी गेलंच तर दोन्ही वकिलांना केस सोडावी लागेल. दोन्ही. तुझ्यासुद्धा. बऱ्याचदा त्यांच्या ऑफिसातल्या दुसऱ्या वकिलालाही ती घेता येत नाही. म्हणजे तुम्हा दोघांनाही नवीन वकील, नवीन फी आणि पहिल्यापासून सगळी रामकहाणी परत.

हे कलम काढलं तर उरतो तो नुसता समजूतदारपणाचा आव. एरवी तडजोडीला बसलेले वकील एक डोळा टेबलावर आणि एक डोळा कोर्टावर ठेवून बोलतात, मनात हिशेब चालू असतो की हे वाक्य उद्या जज्जपुढे कसं दिसेल, आणि जरा अडलं की नाहीतर भेटू कोर्टात. इथे ही धमकी देणाऱ्या वकिलाचं स्वतःचंच काम जातं, त्यामुळे तो डोकं चालवतो दुसरीकडे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण वकिलाचाही त्यात फायदा असेल अशी सोय पहिल्यांदा इथेच कोणीतरी केली.

पण हेच कलम उलटंही लागतं, आणि तुझ्या पालीचं जे अर्धं ऐकायचं ते इथे. समज सहा महिने बोलणी झाली, तुझे साठवलेले पैसे वकिलात गेले, आणि समोरचा म्हणाला की एवढंच देईन, पटत नसेल तर मी उठतो. (उठायला कारण द्यावं लागत नाही, कोणीही कधीही उठू शकतं.) त्याच्याकडे दुसरा वकील करायला पैसे आहेत, तुझ्याकडे नाहीत. मग तू काय करशील? दमून सही करशील. ज्याच्या हातात पैसा तो दुसऱ्याला असा दमवू शकतो, तुझा नवरा तसा आहे असं मी म्हणत नाहीये, मी त्याला ओळखत नाही. पण पहिल्याच मीटिंगमध्ये या प्रोसेसचा दोघांचाही खर्च घरच्या जॉइंट पैशातून होईल, आणि मधल्या काळात घरखर्च कोण किती देणार, हे लिहून घे. तोंडी नको. हे मान्य करायला तो खळखळ करत असेल तर तुला तिथेच बरंच काही कळेल आणि तेही स्वस्तात.

आता मी तुला एक विचारते, याचं उत्तर मला नको पाठवूस, स्वतःलाच दे. तू लिहिलंयस की पैसे कुठे किती आहेत ते तुला माहीत नाही. तुला माहीत नाहीये, की विचारायची भीती वाटते?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. माहीत नसणं हा आजार कागदांनी बरा होतो. बँकेची स्टेटमेंट्स, टॅक्सची रिटर्न्स, लोनचे हप्ते, विमा, पेन्शन, गुंतवणुकी, क्रेडिट कार्ड, त्याच्या नावावर असलेलं, तुझ्या नावावर असलेलं, दोघांच्या नावावर असलेलं, सगळं टेबलावर येतं, न मागताही आणायचं अशी बऱ्याचदा करारात अट असते. शिवाय दोघांनी मिळून एक फायनान्सवाला तटस्थ माणूस घेता येतो, तो कोणाच्याच बाजूचा नसतो, तो ते कागद वाचून सरळ भाषेत सांगतो की घर विकलं तर काय, ठेवलं तर काय, तुझ्या पार्ट टाइमच्या पगारात दोन वर्षांनी तू कुठे असशील. घर ठेवण्याच्या हट्टापायी पेन्शनवर पाणी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात, घर दिसतं ना डोळ्यांना, पेन्शन दिसत नाही. तर ज्या बाईला चौदा वर्षांत कोणी हे नीट समजावलं नाही तिच्यासाठी ती एक मीटिंग फार मोलाची असते.

भीती मात्र कागदांनी जात नाही. त्याने आवाज चढवला की तू गप्प होतेस का, त्याचा मूड बघून विषय काढतेस का, तो तुझा फोन तपासतो का, तू लिहिलंयस मारहाण नाही, पण मारहाण हा काही एकच प्रकार नसतो. यातल्या कशाचंही उत्तर हो असेल तर त्या टेबलावर बसू नकोस, वकील शेजारी असला तरी नको, कारण मीटिंग संपल्यावर तू त्याच घरी जाणार आहेस. कोर्टाचे ऑर्डर असतात ते अशाच माणसांसाठी असतात आणि तिथे जाण्यात काही कमीपणा नाही. त्या अमेरिकन नमुना कायद्यातही आहे की वकिलाने आधी चौकशी करायची, या नात्यात जबरदस्ती किंवा हिंसा आहे का म्हणून, आणि जिवाला धोका असेल तर तातडीच्या ऑर्डरसाठी कोर्टाचं दार उघडंच ठेवलंय. तुझ्या वकिलाने पहिल्या भेटीत हे एकटीला, नवरा नसताना विचारलं नाही तर वकील बदल.

आणि तो खोटं बोलला तर? समजा एक खातं लपवलंच. कोर्टात जशी माहिती काढून घ्यायची सक्ती असते तशी इथे नसते, इथे सगळं प्रामाणिकपणावर आणि कागद पडताळण्यावर चालतं, हा यातला कच्चा दुवा आहे, झाकण्यात अर्थ नाही. साधारणपणे करारात असं असतं की अशील मुद्दाम लपवतोय असं त्याच्याच वकिलाला कळलं तर तो पुढे काम करणार नाही, आणि नंतर उघडकीला आलं तर बऱ्याच ठिकाणी झालेली तडजोड पुन्हा उघडता येते. तरी पण ज्याच्या धंद्यात रोखीचा गोंधळ आहे, तीन कंपन्या आहेत, भावाच्या नावावर मालमत्ता आहे, अशा माणसासमोर मी या वाटेने जाणार नाही. पगारदार माणूस आणि दोन-चार खाती असतील तर लपवायला तरी किती लपवणार.

मीटिंगमध्ये नेमकं काय होतं हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून एक किस्सा सांगते. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचा घटस्फोट असाच झाला आणि बुधवारावर अडला. घर झालं, पैसे झाले, गाडी झाली, बुधवार होईना. नवऱ्याला मुलगा बुधवारी संध्याकाळी हवा होता, ती म्हणत होती शाळेचा दिवस आहे, नाही, वीकेंड घे. दोन मीटिंगा त्यात गेल्या, दोन वकिलांचे तास चालू, चहा गार. तिसऱ्या वेळी मुलांसाठी घेतलेली जी तज्ज्ञ बाई होती ती आली, ती मुलाशी दोनदा स्वतंत्र बोलली होती (कुणाकडे राहायचंय असं अजिबात न विचारता, ते मुलांना कधीच विचारायचं नसतं), आणि ती म्हणाली, त्याचा एकच प्रश्न आहे, बुधवारी स्विमिंगची बॅग कुठल्या घरी असेल? मागच्या बुधवारी गॉगल एका घरी आणि टॉवेल दुसऱ्या घरी राहिला होता आणि सरांनी त्याला काठावर बसवून ठेवलं होतं.

खोलीत कोणी काही बोललं नाही म्हणे. मग नवरा म्हणाला, बुधवार मी यासाठी मागत होतो की फक्त वीकेंडला भेटलो तर मी मुलाचा बाप राहणार नाही, पिकनिकवाला काका होईन, मला त्याला डबा भरून शाळेत पाठवायचंय. हे तो तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला होता. आणि मैत्रीण म्हणाली की मी नाही म्हणत होते कारण बुधवारी घर रिकामं असेल आणि मला त्या रिकाम्या घराची भीती वाटते. संपलं. दुसरी बॅग घेतली, दुसरा गॉगल घेतला, बुधवार ठरला. त्या बॅगेपेक्षा त्या दोन मीटिंगा कितीतरी पट महाग पडल्या, हे ती अजूनही हसत सांगते, पण कोर्टात बुधवारचा निकाल लागला असता, बॅगेचा नसता लागला.

सगळ्यांचं असं होतं असं नाही हं. दुसऱ्या एका ओळखीच्या जोडप्याचं याच पद्धतीत फिसकटलं, दोघांना परत वकील करावे लागले, आणि भिजत घोंगडं पडलंय ते पडलंयच.

तुझ्या भावाला सांग, दोघांत एक वकील हे कोलॅबरेटिव्ह नव्हेच. तो गोंधळ घालतोय मीडिएशनशी. मीडिएशनमध्ये मधला माणूस तटस्थ असतो, तो बोलणं पुढे नेतो पण तुला असं कधीच सांगू शकत नाही की बाई, हे तुझ्या तोट्याचं आहे, सही करू नकोस. इथे तुझा वकील तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, तुझाच असतो, मीटिंगमधून तुला बाहेर बोलावून तो हे सांगू शकतो, आणि सांगायलाच हवं. जिला पैशातलं कमी कळतं आणि समोरच्याला जास्त, तिला हा फरक फार पडतो. मीडिएशन स्वस्त पडतं हे खरं, आणि दोघांनाही हिशेब सारखा कळत असेल तर मी आधी तेच सुचवीन. तुमच्यात तसं नाहीये.

मैत्रिणीचं, जो आधी जातो तो जिंकतो. ती तुझ्यावर जीव टाकत असेल पण ती तेल ओततेय. घटस्फोट ही काही धावण्याची शर्यत नाही. काही परिस्थितीत आधी अर्ज करण्याने फरक पडतो, कुठल्या देशाचं किंवा कुठल्या गावचं कोर्ट वगैरे, ते वकिलाला एकदा विचारून घे आणि सोडून दे. नोटीस मात्र एकदा गेली की मागे घेता येत नाही, म्हणजे कागदावर येते, मनातून येत नाही. आणि एक, कोर्ट पूर्णपणे टळतं असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. सगळं ठरल्यावर तो मसुदा बहुतेक देशांत कोर्टापुढे जातोच, शिक्का तिथलाच लागतो. टळतं ते भांडण, साक्षी, उलटतपासण्या, तारखा.

वकील शोधताना नुसतं "तुम्ही कोलॅबरेटिव्ह करता का" विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. असं काम शेवटची तडजोड होईपर्यंत किती वेळा केलंत, याचं ट्रेनिंग घेतलंय का, मधेच किती प्रकरणं मोडली आणि का मोडली, हे विचार. मोडलेल्या केसबद्दल जो मोकळेपणाने बोलतो तो मला बरा वाटतो. नवऱ्याने सुचवलेला वकील घेऊ नकोस, तो देवमाणूस असला तरी. आणि करारात तीन गोष्टी स्वतः वाच, ते केस सोडायचं कलम, कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची ती तारीख (तारीख नसली की कागद येतच नाहीत), आणि गुप्ततेचं कलम. मीटिंगमध्ये बोललेलं उद्या कोर्टात वापरता येत नाही असं साधारण असतं आणि ते चांगलं आहे, त्यामुळे माणूस मोकळा बोलतो. पण बँकेचं स्टेटमेंट टेबलावर आलं म्हणून ते गुप्त होत नाही, ते बँकेचं होतं आणि बँकेचंच राहतं. धमक्या तर अजिबात झाकल्या जात नाहीत.

या आठवड्यात काय करायचं तर तुझ्या नावावर किंवा दोघांच्या नावावर जे जे आहे त्याच्या कॉप्या काढून ठेव. फक्त त्याच्या नावाची पाकिटं फोडू नकोस, त्याच्या ईमेलमध्ये घुसू नकोस, ते तुझ्यावरच उलटेल. तुझ्या ईमेलचा पासवर्ड बदल, वकिलाची पत्रं यायला लागतील आणि घरातला टॅब्लेट सगळ्यांचा असतो. जॉइंट खात्यातून मोठी रक्कम काढू नकोस, त्याने काढली तर त्या दिवशीचं स्टेटमेंट सेव्ह करून ठेव. मुलांना अजून काही सांगू नका, सांगाल तेव्हा दोघांनी एकत्र सांगा, आणि ती मुलगी ११ ची आहे ना, तिला आधीच सगळं कळलंय असं धरून चाला.

एका वकिलाला एकटीने भेटून ये, सही न करता, फक्त एक तास. त्यानंतरही या वाटेने जावंसं वाटलं तर नवऱ्याला लिही. फोन नको, फोनवर तुम्ही दोघं पाच मिनिटांत जुन्या विषयावर जाल. मी असं लिहीन:

"तू पाठवलेलं वाचलं. मला हे करून बघायला चालेल. मी माझा वकील स्वतः शोधते, तू तुझा शोध. पहिल्या मीटिंगच्या आधी दोघांनी गेल्या तीन वर्षांचे सगळे कागद एकमेकांना द्यायचे, आणि दोघांच्या वकिलांची फी जॉइंट खात्यातून. हे मान्य असेल तर पुढच्या महिन्यातल्या दोन तारखा सांग."

एवढंच. खाली स्पष्टीकरण नको, चौदा वर्षांचा हिशेब नको, स्मायली तर नकोच. आणि रात्री अकरानंतर पाठवू नकोस, सकाळी पाठव, मुलं शाळेत गेल्यावर.